व्हायोलिनच्या मागावर

बॉस्टनहून प्लिमथ गाडीनं तासाभरावर. इथं बहुतेक जण येतात ते १६२० साली मेफ्लॉवर जहाजातून उतरलेल्यांचा खडक बघायला. खांबांचा ऐसपैस मंडप, आणि खाली खड्ड्यात, साल कोरलेला, मधून सांधलेला एक बेताचा धोंडा. ‘हाच का तो?’ हे प्रत्येकाच्या चेहऱ्यावर वाचता येतं.

मला बघायचा होता कोर्ट स्ट्रीटवरचा मेमोरियल हॉल. ३० ऑक्टोबर १९७५ ला बॉब डिलनच्या ‘रोलिंग थंडर रिव्ह्यू’ या दौऱ्याचा पहिला कार्यक्रम इथं झाला. आदल्याच वर्षी मोठमोठी स्टेडियमं भरवणारा हा माणूस जोन बाएझ, रॉजर मॅग्विन, कवी अॅलन गिन्सबर्ग अशी वरात घेऊन या आडगावात आला, तोंडाला पांढरा रंग फासून. मला त्या वरातीतल्या एकीचंच कुतूहल : व्हायोलिनवादक स्कार्लेट रिव्हेरा.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात ती व्हायोलिनची पेटी घेऊन न्यूयॉर्कच्या रस्त्यानं चालली होती. गाडीतून जाणाऱ्या डिलननं तिला हटकलं, तालमीच्या जागी नेलं आणि तिनं कधी न ऐकलेली गाणी सुरू केली. हातात नोटेशन नाही, काही सांगणं नाही. ती वाजवत गेली. जुलैअखेर डिलनच्या ‘डिझायर’ या अल्बमचं बहुतेक रेकॉर्डिंग झालं, त्यात तीच होती.

प्लिमथनंतर लोवेल. तिकडच्या लोकलमध्ये खिडकी धरून ‘डिझायर’मधलं ‘वन मोअर कप ऑफ कॉफी’ पुन्हा लावलं. डिलन ओळीचा शेवट ताणतो, मुरडतो, आणि तो पुरता थांबायच्या आत व्हायोलिन शिरतं. प्रभाकर जोगांच्या व्हायोलिनमधून गाण्याचे शब्द ऐकायची आपल्या कानाला सवय. रिव्हेरा शब्दांच्या वाटेला जातच नाही. खर्जातून एक लांबट, खरखरीत स्वर काढते. डिलनला हुंकार देते, मध्येच त्याच्याशी हुज्जतही घालते. तो रोज गाणं नव्यानं म्हणणार, लय बदलणार. पाठ करून आलेल्या साथीदाराची तिथं फजितीच.

लोवेलला एडसन दफनभूमीत लेखक जॅक केरुआकची कबर आहे. डिलन आणि गिन्सबर्ग दौऱ्यात इथं येऊन बसले होते. लोक अजूनही पेनं, बाटल्या ठेवून जातात. (या दौऱ्यावरचा मार्टिन स्कॉर्सेसीचा २०१९ चा चित्रपट बघून निघणाऱ्यांनी जरा जपून, त्यातली काही माणसं चक्क रचलेली आहेत.)

मग बॉस्टनहून न्यूयॉर्कची गाडी. पेन स्टेशनच्या डोक्यावरच मॅडिसन स्क्वेअर गार्डन. ८ डिसेंबर १९७५ ला पहिल्या टप्प्याचा शेवट इथं झाला, खुनाच्या खटल्यात अडकलेल्या रुबिन कार्टर या मुष्टियोद्ध्यासाठी. ‘हरिकेन’ हे त्याच्यावरचंच गाणं, आणि त्यातलं व्हायोलिन पहिल्यापासून धावतच सुटतं. कार्टर सुटला मात्र १९८५ मध्ये.

१९७६ च्या मे महिन्यात दौरा आटोपला. डिलनबरोबरची तिची साथ जेमतेम वर्षाची. १९७७ मध्ये तिच्या स्वतःच्या नावाचा अल्बम निघाला, तरी ‘डिलनची व्हायोलिनवादक’ ही ओळख काही सुटली नाही. मला विचाराल तर ‘डिझायर’ जितका डिलनचा, तितकाच रिव्हेराचा. व्हायोलिन काढून ती गाणी मनात वाजवून बघा, उभीच राहत नाहीत.

वर बास्केटबॉलचा सामना होता. जर्सीवाल्यांच्या लोंढ्यातून वाट काढत मी ग्रीनिच व्हिलेजकडे जाणारी सबवे विचारत निघालो. रिव्हेरा पेटी घेऊन चालत होती, तो भाग अजून पायाखाली घालायचा होता.