होल्टरच्या अहवालामागे टाचलेला कागद

आम्लपित्त आणि हृदयाच्या ठोक्यांतील अनियमितता यांचा संबंध रुग्णाला जितका उघड वाटतो, तितक्याच सहजपणे तो तपासणीच्या खोलीत बाजूला सारला जातो, आणि ही गोष्ट प्रस्तुत लेखकाला आजही खटकते. रात्रीच्या जेवणानंतर जळजळ होणे, करपट ढेकर येणे आणि त्यापाठोपाठ एखादा ठोका चुकून पुढचा छातीवर आतून आदळणे, हा क्रम ज्याने वारंवार अनुभवला आहे त्याला तो निव्वळ योगायोग आहे हे पटवणे अवघड असते. परंतु पोटाचे तज्ज्ञ हृदयाकडे बोट दाखवतात, हृदयाचे तज्ज्ञ पोटाकडे, आणि दोघांचे एकमत होते ते फक्त रुग्णाच्या मनावरील ताणाबाबत.

शरीररचना पाहिली तर हा संबंध मुळीच अनाकलनीय नाही. अन्ननलिका छातीतून खाली उतरताना हृदयाच्या डाव्या अलिंदाच्या, म्हणजे वरच्या डाव्या कप्प्याच्या, अगदी पाठीमागून जाते. हे अंतर इतके थोडे असते की त्या कप्प्यातील रक्ताची गुठळी शोधण्यासाठी सोनोग्राफीची नळी तोंडावाटे अन्ननलिकेत उतरवतात, आणि अनियमित ठोक्यांवरील ॲब्लेशन या उपचारात हृदयाचा तो भाग आतून भाजताना मागची अन्ननलिका पोळू नये म्हणून तिचे तापमान अनेक ठिकाणी सतत मोजले जाते. शिवाय मेंदूपासून पोटापर्यंत जाणारा व्हेगस हा मज्जातंतू जठर, अन्ननलिका आणि हृदय या तिन्हींना शाखा देतो, त्यामुळे अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला आम्लाने झालेल्या चिडचिडीचा प्रतिसाद हृदयाच्या लयीत उमटणे शक्य असते. जर्मन वैद्य लुडविग रोमहेल्ड यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच पोटातील वायू, वर रेटले गेलेले श्वासपटल आणि हृदयाची लक्षणे यांची सांगड घातली होती. पुढे फ्रान्समधील फिलिप कूमेल यांनी व्हेगसच्या प्रभावाने रात्री किंवा जेवणानंतर उद्भवणाऱ्या एट्रियल फिब्रिलेशनचे, म्हणजे अलिंदांच्या विस्कळीत थरथरीचे, वर्णन केले.

प्रस्तुत लेखकाच्या बाबतीत निदान इतके गंभीर नव्हते. त्रास होता तो एक्टोपिक ठोक्यांचा: हृदयाच्या नैसर्गिक पेसमेकरऐवजी दुसऱ्याच एखाद्या जागेतून वेळेआधी निघालेला ठोका, त्यानंतर क्षणभराचा खंड, आणि त्या खंडात अधिक रक्त भरल्यामुळे जोराने जाणवणारा पुढचा ठोका. दहा सेकंदांच्या ईसीजीत तो सापडणे दुर्मीळच, म्हणून होल्टर लावण्यात आला. छातीवर चिकटपट्ट्या आणि कमरेला छोटे यंत्र बांधून दिवस-रात्र प्रत्येक ठोक्याची नोंद घेणारी ही चाचणी असते, आणि तिच्यासोबत एक छापील कागद देतात, ज्यावर त्रास केव्हा झाला आणि त्या वेळी रुग्ण काय करीत होता हे रुग्णाने लिहायचे असते. तो कागद काटेकोरपणे भरला गेला: जेवण किती वाजता झाले, जळजळ केव्हा सुरू झाली, ढेकर केव्हा आला, कोणत्या कुशीवर असताना ठोका चुकला, उठून बसल्यावर किती वेळाने बरे वाटले.

सल्लामसलतीच्या वेळी डॉक्टरांनी अहवालाचे पहिले पान पाहिले, एकूण सुमारे एक लाख ठोक्यांत एक्टोपिक ठोके नगण्य असल्याचे सांगितले, इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, स्वच्छ असल्याचे पाहिले, आणि "गॅस आहे, टेन्शन घेऊ नका" असे म्हणून औषधे लिहून दिली. कागद अहवालाच्या मागे टाचलेला होता. तो उलटून पाहिला गेला नाही. तो दाखवण्याचा प्रयत्न झाला तेव्हा पुढच्या रुग्णाचे नाव पुकारले गेले होते. घरी आल्यावर यंत्राने नोंदवलेल्या वेळा आणि कागदावरील वेळा शेजारी ठेवून पाहिल्या असता त्या थोड्या एक्टोपिक ठोक्यांपैकी बरेचसे रात्रीच्या जेवणानंतरच्या दोन तासांत आढळले. एवढ्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही; शिवाय आडवे झाल्यावर शांततेत ठोके अधिक जाणवतात आणि डाव्या कुशीवर हृदय छातीच्या भिंतीजवळ येते. पण ज्या प्रश्नासाठी चाचणी केली, त्याचे उत्तर शोधण्याचे एकमेव साधन तोच कागद होता. रुग्णाकडून नोंद मागायची आणि ती वाचायची नाही, ही पद्धत अन्यायकारकच म्हटली पाहिजे.

तरीही डॉक्टरांनी आधी हृदय तपासले, यात त्यांची बाजू बरोबर होती हे मान्य करावे लागते. छातीतील दुखण्याला पित्त समजून सोडा, ओवा किंवा थंड दूध घेत घरी बसलेली आणि प्रत्यक्षात हृदयविकाराचा झटका आलेली माणसे आपल्याकडे कमी नाहीत. हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका तर अनेकदा पोटाच्या वरच्या भागात दुखतो. घाम, दम, चक्कर किंवा हाता-जबड्याकडे सरकणारी कळ असेल तर पित्ताचा विचारही न करता रुग्णालय गाठावे.

अधिक अस्वस्थ करणारी बाब औषधाच्या चिठ्ठीत होती. आम्ल कमी करणारे पँटोप्राझोल आणि जठर लवकर रिकामे करणारे डॉम्पेरिडोन यांची एकत्रित कॅप्सूल भारतात आम्लपित्तावर सर्रास दिली जाते. डॉम्पेरिडोनमुळे ईसीजीतील क्यूटी हा कालखंड, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यांना प्रत्येक ठोक्यानंतर विद्युतदृष्ट्या पूर्ववत होण्यास लागणारा वेळ, लांबू शकतो, आणि त्यातून क्वचित घातक अनियमितता उद्भवते. म्हणूनच २०१४ मध्ये युरोपीय औषध नियामकांनी त्याचा वापर मळमळ व उलटीपुरता आणि शक्यतो आठवड्याभरापुरता मर्यादित केला व जळजळीसाठीचा वापर काढून टाकला. पँटोप्राझोलच्या गटातील औषधे दीर्घकाळ घेतल्यास रक्तातील मॅग्नेशियम घटू शकते आणि त्यामुळेही लय बिघडते, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ मध्ये दिला होता. याचा अर्थ ही औषधे स्वतःहून बंद करावीत असा नव्हे. पण ज्याची तक्रारच चुकणाऱ्या ठोक्यांची आहे त्याला ती देताना क्यूटी मोजणे आणि मॅग्नेशियम तपासणे ही किमान अपेक्षा आहे.

पुढे दुसऱ्या एका फॅमिली डॉक्टरांनी डॉम्पेरिडोन थांबवले, रक्ततपासणी करून घेतली, रात्रीचे जेवण लवकर आणि हलके करण्यास सांगितले आणि पलंगाची उशाकडची बाजू उंच करवली. ठोके चुकणे बरेच कमी झाले, थांबले मात्र नाही. हे बदल एकाच वेळी केले गेल्यामुळे आराम नेमका कशाने पडला हे सांगता येत नाही, आणि काही वेळा तर जळजळीचा लवलेश नसतानाही ठोका चुकतो, जे वर मांडलेल्या संबंधात नीट बसत नाही. ती कॅप्सूल मात्र कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये आजही चिठ्ठी न मागता मिळते, आणि छातीत धडधड होते का, असे घेणाऱ्याला कोणी विचारत नाही.