उलट्या आट्यांचं देणं

माझ्या सायकलचं मागचं चाक माझं नाही. ते लंडनमधल्या एका म्हातारबुवांचं आहे. देताना ते फक्त "ने" म्हणाले. उसनं की कायमचं, हे आमच्यात कधी बोललंच गेलं नाही. मी पैशांचा विषय काढला की ते हवामानाचा काढत. त्यांचं नाव इथे घालत नाही, कारण छापलेलं नाव त्यांना अजिबात खपणार नाही.

दक्षिण लंडनमध्ये हर्न हिल नावाचा भाग आहे. तिथे घरांच्या मागे दडलेला एक जुना सायकल ट्रॅक आहे, १८९१ सालचा. रस्त्यावरून दिसतही नाही. दोन घरांमधल्या बोळातून आत गेलं की एकदम मोठं लंबवर्तुळ समोर येतं. एक फेरी साधारण साडेचारशे मीटरची. १९४८ च्या ऑलिंपिकमधल्या ट्रॅकवरच्या शर्यती इथेच झाल्या. मी त्या गावात नवी होते, कॅम्बरवेलला एका खोलीत राहत होते आणि जाण्यायेण्याचं भाडं वाचवायला सायकल घेतली होती. शनिवारी सकाळी ट्रॅकवर भाड्याने सायकल मिळते असं कळल्यावर बघायला गेले. म्हातारबुवा कठड्याला टेकून उभे होते. पंचाहत्तरीच्या आसपासचे, अंगात रफू केलेला लोकरी जर्सी. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. वाकून माझ्या सायकलच्या मागच्या चाकाच्या मधला हब पाहिला आणि विचारलं, "हे कोणी बसवलंय?"

सायकल सेकंडहँड होती, फिक्स्ड व्हीलची. आपल्या नेहमीच्या सायकलला मागे फ्रीव्हील असतं. पाय थांबवले तरी चाक कटकट करत पळत राहतं. फिक्स्डमध्ये तसली सवलत नाही. मागचा दातेरी कॉग हबवर घट्ट बसवलेला असतो. चाक फिरतंय तोवर पाय फिरणारच. वेग कमी करायचा तर पायांनीच उलटा जोर द्यायचा. विकणाऱ्याने मला हे सगळं सांगितलं होतं. एक गोष्ट सांगितली नव्हती, ती म्हातारबुवांना उभ्याउभ्या दिसली.

खऱ्या फिक्स्ड हबवर आट्यांच्या दोन पायऱ्या असतात. आतली मोठी, १.३७ इंच व्यासाची, तिच्यावर कॉग चढतो. बाहेरची थोडी लहान, १.२९ इंचाची, तिच्यावर लॉकरिंग, म्हणजे कॉगला दाबून धरणारी कडी. दोन्हींना इंचाला चोवीस आटे, पण लॉकरिंगचे आटे उलटे. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे सांगलीतल्या कुठल्याही सायकल दुकानातला पोऱ्या सांगेल; इथलं कारण मात्र वेगळं आहे. पुढे पेडल मारताना कॉग आवळला जातो, तेव्हा चिंता नाही. पायांनी मागे जोर दिला की कॉग सुटायला बघतो, डावीकडे फिरायला लागतो. फिरताना तो स्वतःला चिकटलेल्या लॉकरिंगलाही डावीकडे ओढतो. आणि लॉकरिंगचे आटे उलटे असल्यामुळे डावीकडे ओढलं की ते आणखी आवळतं. म्हणजे कॉग जितका पळायला बघेल तितकं लॉकरिंग त्याला जास्त दाबून धरतं. पहिल्यांदा हे समजलं तेव्हा मला ते ज्याने कुणी पहिल्यांदा सुचवलं त्याच्याविषयी फार आदर वाटला.

माझ्या हबला दुसरी पायरीच नव्हती. तो साधा फ्रीव्हीलचा हब होता. फ्रीव्हीलचे आटेही १.३७ इंचाचेच, त्यामुळे कॉग त्यावर छान चढतो. त्याच मापाचं बॉटम ब्रॅकेटचं, म्हणजे पेडलच्या कण्याच्या नळीचं, लॉकरिंगही मिळतं, तेही चढतं. दोन्ही एकाच दिशेचे. विकणाऱ्याने ते असं बसवून, वर आट्यांना लावायचा गोंद ओतून, सायकल चकचकीत पुसून मला विकली होती. दिसायला सगळं जागेवर. उतारावर पाय रोखले असते तर कॉग आणि लॉकरिंग दोघं हातात हात घालून सुटले असते, आणि मग पाय नुसते हवेत. पुढचा ब्रेक होता, पण तोही नावाला.

म्हातारबुवा म्हणाले, "डिअर, तू आज बसने घरी जा."

त्यांनी सायकल ठेवून घेतली. परवानगी वगैरे विचारली नाही. मला रागच आला होता, खरं सांगायचं तर. परक्या देशात एक अनोळखी म्हातारा माझी एकुलती एक किमती वस्तू अडकवून ठेवतो म्हणजे काय?

पुढच्या आठवड्यात त्यांच्या गॅरेजमध्ये गेले तर टेबलावर वर्तमानपत्र अंथरलेलं आणि त्यावर एक चाक. जुनं, दोन्ही बाजूंनी आटे असलेलं. एका बाजूला फिक्स्ड, दुसऱ्या बाजूला फ्रीव्हील लावायची सोय. चढाचा रस्ता आला, पाय थकले, की चाक काढून उलटं बसवायचं. त्यांनी तरुणपणी हिवाळ्यांत याच चाकावर रपेट केली होती. तिकडच्या जुन्या क्लबांमध्ये हिवाळा फिक्स्डवर काढायची पद्धत होती. पाय गोल फिरायला शिकतात म्हणत. हंगामाच्या सुरुवातीला बहात्तर इंची गिअरच्या शर्यती होत. पुढे ४८ दाते, मागे १८, सत्तावीस इंची चाक. गुणाकार-भागाकार करून बघा, बरोबर बहात्तर येतात. तोच १८ दात्यांचा कॉग त्यांनी टेबलावर ठेवला होता. दात्यांच्या कडा गुळगुळीत, पण दाते वाकडे झालेले नव्हते.

मला वाटलं होतं, ते बसवून देतील. त्यांनी रॉकेलची वाटी आणि दात घासायचा जुना ब्रश माझ्यापुढे सरकवला.

आधी आटे घासायचे. हबचे, मग कॉगचे आतून. काळं निघायचं थांबेपर्यंत. पुसायचे, उजेडाकडे धरून बघायचे, मग ग्रीस. मी कॉग हबवर टेकवला आणि फिरवायला लागले तर त्यांनी माझं मनगट धरलं. "आधी उलटा फिरव." डावीकडे हळूहळू फिरवत गेलं की एका ठिकाणी कॉग अगदी किंचित खाली पडतो. आवाज होत नाही म्हटलं तरी चालेल; बोटांना कळतं. तिथे आट्याचं तोंड असतं. तिथून उजवीकडे वळायचं. नुसत्या हाताने, दोन-तीन वेढे. जरा जरी अडला तर काढायचा, पान्ह्याला हात लावायचा नाही. कॉग पोलादाचा, हब ॲल्युमिनियमचा. आटा तिरका चढला तर कॉगला काही होत नाही, हब कायमचा जातो. त्यांनी मला तो कॉग कितीदा काढून लावायला लावला, देव जाणे. शेवटी शेवटी मी डोळे मिटून ते तोंड शोधू शकत होते.

आवळायची त्यांची पद्धत मला अजून आवडते. चेनचा चाबूक म्हणून जे हत्यार मिळतं ते त्यांच्याकडे होतं, पण ते त्यांनी भिंतीवरच ठेवलं. चाक सायकलच्या चौकटीत बसवलं. बॉटम ब्रॅकेटच्या नळीला जुन्या शर्टाची चिंधी गुंडाळली, रंग खरवडू नये म्हणून. मग चेन कॉगवरून घेऊन त्या नळीभोवती गुंडाळली, आणि चाक दोन्ही हातांनी धरून मागच्या दिशेने ओढायला सांगितलं. कॉग चेनने अडकलेला, हब फिरतोय, म्हणजे कॉग आत आवळतोय. चाकाची त्रिज्या कॉगच्या त्रिज्येच्या नऊपटींहून जास्त, त्यामुळे माझ्यासारखीच्या हातातही पैलवानाचा जोर येतो. एक जाड, मंद करकर ऐकू आली आणि चाक थांबलं. "बस. आता लॉकरिंग. उलट्या बाजूला." मी सवयीने उजवीकडे वळवायला गेले आणि त्यांच्या चेहऱ्यावर मोठं समाधान दिसलं. सगळेच तसं करतात, म्हणाले.

लॉकरिंगांचा त्यांचा एक डबा होता. त्यातलं एक त्यांनी मुद्दाम मला लावायला दिलं. ते इतकं सहज चढलं की मी खूश झाले. "हलव आता." हलवलं तर डुगडुगलं. ते जुन्या इटालियन मापाचं होतं, १.३२ इंच. फरक ०.०३ इंचांचा, म्हणजे पाऊण मिलिमीटर. आटे एकमेकांना टोकाटोकानेच धरतात. आवळताना घट्ट लागतं, आणि जोर पडला की आट्यांची टोकं सोलून निघतात. "जे चढतं ते बसतंच असं नाही," ते म्हणाले. त्या दिवशी त्यांनी केलेलं हे सगळ्यात लांब भाषण.

तेवढ्यावर काम संपलं नाही. बाहेर पडलो आणि डलिचवरून क्रिस्टल पॅलेसकडे जाणारा कॉलेज रोडचा चढ त्यांनी मला चढवला. स्वतः पुढे, त्यांच्या फिक्स्डवर, धाप न लागता. चढावर पायांचा जोर कॉगला कुठल्याही हत्यारापेक्षा जास्त आवळतो. कॉग केसभर आत सरकतो आणि लॉकरिंगशी फट पडते. वर पोचल्यावर त्यांनी खिशातून हुक पान्हा काढला आणि माझ्या हातात दिला. लॉकरिंग खरंच आणखी थोडं फिरलं. मग उतार. पाय इतके गरगरले की मी दोन्ही ब्रेक दाबले असते, दुसरा नव्हताच.

पुढच्या ब्रेकबद्दल ते कर्मठ होते. ब्रिटनमध्ये १९८३ च्या नियमांनुसार फिक्स्ड व्हील हाच मागचा ब्रेक धरतात, पण पुढे ब्रेक हवाच. शहरात बिनब्रेकच्या सायकली मिरवणारी पोरं दिसली की ते तोंड फिरवत. ट्रॅकवर ब्रेक नसतो कारण तिथे कुणी समोर कुत्रं घेऊन रस्ता ओलांडत नाही, हा त्यांचा युक्तिवाद. मला तो आजही पटतो.

१९४८ च्या त्या ऑलिंपिकच्या वेळी ते शाळकरी होते आणि हर्न हिलला बापाबरोबर बसले होते. रेज हॅरिसवर सगळ्या इंग्लंडची आशा होती. स्प्रिंटमध्ये त्याला इटलीच्या मारिओ गेलाने हरवलं, आणि टँडेमची, म्हणजे दोघांनी चालवायच्या सायकलची, अंतिम शर्यत इतकी लांबली की शेवटी अंधारात धावली गेली. ट्रॅकवर दिवेच नव्हते. तिथेही इटलीच जिंकली. "आवाजावरून कळलं, दिसलं काही नाही," असं ते सांगत, आणि सांगताना त्यांना अजून थोडं वाईट वाटे. त्या ऑलिंपिकमध्ये भारताचे सायकलपटूही होते, रोहिंटन नोबल, रुसी मुल्ला फिरोझ, अशी पारशी नावं. ती वाचून मी हरखून गेले होते. आपल्या मुंबईच्या बाजूची माणसं याच ट्रॅकवर! त्यांना विचारलं, आठवतात का? ते बराच वेळ गप्प राहिले. "नाही. आठवतात असं म्हणालो तर तुला बरं वाटेल, पण नाही आठवत." दुसऱ्या कुणी एखादा किस्सा रचून दिला असता. त्यांनी नाही दिला, आणि त्यानंतर त्यांच्या बाकीच्या आठवणींवर माझा पूर्ण विश्वास बसला.

त्यांनी माझा जीव वाचवला वगैरे मी म्हणणार नाही. कदाचित नुसतेच गुडघे फुटले असते. देणं आहे ते त्यापेक्षा मोजता येण्यासारखं आहे: एक चाक, एक १८ दात्यांचा कॉग, एक लॉकरिंग, आणि रविवारच्या दुपारी. त्या गावात तोवर मला कुणी "आज ये, उद्या ये" असं म्हटलं नव्हतं. ऑफिसात सगळे चांगले होते, पण घरी कुणी बोलावत नसे. ते बोलावत. चहा पाणचट करत. त्यांच्या गॅरेजमध्ये मी मराठीत पुटपुटत काम करायची, त्याबद्दल त्यांनी कधी काही विचारलं नाही.

पैसे ते घेईनात, म्हणून एकदा आईने पाठवलेल्या लिंबाच्या लोणच्याची बरणी नेऊन दिली. खारट आहे, म्हणाले. पण महिन्याभराने बरणी धुऊन परत आली ती भरलेली. आपल्याकडे दिलेलं भांडं रिकामं परत करत नाहीत, हे त्यांना कुणी सांगितलं होतं कोण जाणे. मी तर नव्हतं सांगितलं. आत लॉकरिंगं होती, एकावर एक, ग्रीस लावून, आणि झाकणावर चिकटवलेली चिठ्ठी: सगळी १.२९.

मी प्रत्येक लॉकरिंग हबवर चढवून हलवून पाहिलं. एक डुगडुगलं. फोन केला.

"एक इटालियन निघालंय."

"शक्य नाही."

"डुगडुगतंय."

पलीकडे जरा वेळ काही नाही. मग म्हणाले, "रविवारी घेऊन ये. आणि ते लोणचं उरलं असेल तर थोडं आण."