तंतूच्या टोकाशी

कंपवातात थरथर सगळ्यांना दिसते. मी आधी बोटं बघतो. अंगठ्यावर तर्जनी आपटा, मोठी उघडून, भरभर, असं रुग्णाला सांगतो. सुरुवातीला बोटं नीट उघडतात, मग अंतर आखडत जातं, मधेच हात अडतो. बँकेत सही जुळेना म्हणून आलेल्या आजोबांचंही तेच: ओळ संपेपर्यंत अक्षर बारीक झालेलं. स्नायूंत ताकद मात्र शाबूत.

प्रयोगशाळेत उंदराच्या मेंदूचा काप मायक्रोस्कोपखाली घेतो तेव्हा ही बोटं माझ्या मनात असतात. मध्यमेंदूतल्या काळसर पेशी मरतात आणि डोपामाइन कमी पडतं, असं आम्ही शिकलो. ते खरंच आहे. पण त्यापायी आपण फार काळ मेलेल्या पेशी मोजत राहिलो, असं माझं ठाम मत आहे.

सर्पगंधेनं खरं तर कधीच वाट दाखवली होती. या मुळीनं रक्तदाब उतरतो, हे मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडलं. तिच्यातलं रेसर्पिन जगभर वापरात आलं, आणि ते घेणाऱ्या काही रुग्णांची हालचाल मंदावली, हात कापू लागले. १९५७ मध्ये स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी रेसर्पिननं निपचित पडलेल्या सशांना डोपा, म्हणजे ज्यापासून डोपामाइन बनतं ते द्रव्य, टोचलं. थोड्याच वेळात ससे हिंडू लागले. रेसर्पिन पेशी मारत नाही. पेशीच्या लांब तंतूच्या टोकाशी ज्या इवल्याशा पिशव्यांत डोपामाइन भरलं जातं, त्या ते भरू देत नाही. पेशी जिवंत, दोन पेशींमधला सांधा, सिनॅप्स, रिकामा, आणि तेवढ्यानं अख्खं शरीर थिजतं.

अल्फा-सिन्युक्लीन, म्हणजे या आजारात ज्याच्या गुठळ्या होतात ते प्रथिन, एरवी याच पिशव्यांच्या आसपास असतं. २०१३ च्या एका शवविच्छेदन-अभ्यासात, निदानाला चार-पाच वर्षं झालेल्यांच्या मेंदूत, हे तंतू जिथे पोचतात त्या पुटामेन नावाच्या भागातले डोपामाइनचे तंतू जवळजवळ संपलेले होते; काळसर पेशी मात्र अजून शिल्लक होत्या.

ओपीडीत याचा अर्थ रोज भेटतो. सुरुवातीची काही वर्षं लेव्होडोपाच्या, म्हणजे त्याच डोपाच्या, तीन गोळ्यांवर दिवस निभतो, कारण उरलेली टोकं डोपामाइन साठवून बेतानं सोडतात. टोकं गेली की साठवण गेली. मग पुढच्या गोळीआधीच अंमल उतरतो आणि माणूस उंबऱ्याशी खिळून उभा राहतो. आजारी टोक मेलेलं नसतं, त्याला वाचवता येईल, यावर माझा विश्वास आहे. म्हणून सध्या आम्ही एवढंच शोधतो आहोत: एकदा रिकामी झालेली पिशवी परत भरताना, सिन्युक्लीन साचलेल्या टोकात नेमकी कुठे अडते.