बेजुबान

उर्दूत 'बेजुबान' असा एक शब्द आहे. मुक्या जनावरासाठी आम्ही तो वापरतो, तसाच तान्ह्या बाळासाठीही. शब्दात माया आहे. पण ज्याला बोलता येत नाही त्याला दुखतही नाही, असा सोयीचा अर्थ माणसं त्यातून काढतात, हे मला बहिणीच्या बाळंतपणात कळलं.

तिचं बाळ तिसऱ्या दिवशी पिवळं दिसू लागलं. काविळीचं प्रमाण पाहण्यासाठी टाचेतून रक्त घ्यायचं ठरलं. बहिणीला खाटेवरच थांबवून सिस्टर बाळाला घेऊन गेल्या. मी मागोमाग गेले. टोचणं क्षणाचंच, पण रक्त पुरेसं येईना, म्हणून टाच दाबणं चालू राहिलं. बाळाच्या भुवया आकसल्या, डोळे घट्ट मिटले, मुठी वळल्या. मी म्हटलं, "सिस्टर, फार दुखतंय त्याला." त्या म्हणाल्या, "एवढ्याशा जिवाला काय कळतं? लगेच विसरेल."

एकट्या सिस्टरना काय म्हणायचं? एके काळी मोठमोठे डॉक्टरही हेच मानत. नवजात बाळाच्या मज्जातंतूंची वाढ अपुरी, म्हणून वेदना नाही, असा समज होता. काही बाळांच्या शस्त्रक्रियाही पुरेशा वेदनाशामकाविना होत. १९८७ साली भारतीय वंशाचे डॉ. कंवलजीत आनंद व त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये आला. अपुऱ्या दिवसांच्या ज्या बाळांना शस्त्रक्रियेत फेंटानिल हे वेदनाशामक दिलं, त्यांच्या शरीरावरचा ताण कमी राहिला, नंतरची गुंतागुंतही कमी झाली. जुना समज तिथून ढासळू लागला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा रक्त घ्यायचं होतं. मी राउंडवरच्या डॉक्टरांना विचारलं, "आई दूध पाजत असताना घेतलं तर चालेल?" ते म्हणाले, "चालेल की! टोचण्याच्या थोडं आधी पाजायला सुरुवात करा, नंतरही थांबू नका." आईच्या उघड्या छातीशी बाळ धरलं तरी वेदना कमी होते. पाजणं शक्य नसेल तर दवाखान्यात टोचण्याआधी दोनेक मिनिटं साखरेच्या पाण्याचे मोजके थेंब जिभेवर देतात. पूर्ण दिवसांच्या बाळाला सराईत हाताने शिरेतून रक्त घेतलं, तर टाचेपेक्षा कमी दुखतं. हे सगळं त्यांनी शांतपणे सांगितलं.

अम्मी लगेच म्हणाली, "तो फिर शहद चटा देते!" डॉक्टरांनी हात जोडले. वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नको. त्यातल्या जंतूंमुळे बोटुलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. साखरेचं पाणीही घरी द्यायचं नाही.

या वेळी बाळ रडलं, पण थोडंच. पुन्हा दूध ओढू लागलं. अम्मी म्हणाली, "हमको तो किसी ने बताया इच नहीं."

तिचं हे वाक्य मला लागलं. आमच्या शाळेतल्या बऱ्याच आया दवाखान्यात मराठी नीट जमत नाही म्हणून, किंवा डॉक्टर रागावतील या धास्तीने, गप्प बसतात. सांगणाऱ्याने सांगत नाही, विचारणारीने विचारत नाही, आणि सोसतं बाळ. आता पालकसभेला कुणी दिवस गेलेली आई आली, की मी तिला एक मराठी वाक्य पाठ करून घ्यायला लावते: "डॉक्टर, सुई टोचताना बाळाला माझ्याजवळ राहू द्या, मी दूध पाजते."