अरे, आवाज कुठाय?

प्रत्येक खानदानात एक 'कॉम्प्युटरमधलं कळणारा' मेंबर असतो. त्याचं क्वालिफिकेशन काय, हे कुणी विचारत नाही. आमच्याकडे ती पोस्ट माझ्याकडे आहे. मी हिंजवडीतल्या एका आयटी कंपनीत आहे खरी, पण एचआरमध्ये! माणसं घेणं, माणसांचे रुसवे काढणं आणि दिवाळीला ऑफिसात आकाशकंदील स्पर्धा भरवणं, हे माझं काम. पण सांगलीच्या आत्यापासून मुलुंडच्या मावशीपर्यंत सगळ्यांच्या लेखी 'आयटीत आहे' म्हणजे प्रिंटर दुरुस्त करता येणारच. बरं, इतक्या वर्षांत मलाही थोडंफार यायला लागलंय. डॉक्टरांच्या हाताखाली राहून कंपाउंडरला येतं ना, तसं.

तर कंपाउंडरच्या अनुभवावरून सांगते. डेस्कटॉपच्या सगळ्या दुखण्यांत आवाज जाणं हे सगळ्यात फसवं दुखणं. स्क्रीन काळी पडली की पेशंट गेला हे पोराटोरांनाही कळतं. आवाजाचं तसं नाही. सगळं मस्त चालू असतं. गाण्याची पट्टी पुढे सरकतेय, सेकंद मोजले जाताहेत, गायक तोंड उघडतोय... आणि खोलीत शांतता! याचं कारण म्हणजे, आवाज एका उडीत कानापर्यंत येत नाही. फाइलमधून प्लेअरमध्ये, तिथून विंडोजकडे, मग ड्रायव्हर, मग मदरबोर्डवरची चिप, मागचं हिरवं भोक, वायर, स्पीकर. आणि यातल्या बऱ्याच जणांकडे स्वतःचं वेगळं म्यूटचं बटण. एकानं तोंड मिटलं की अख्खी वरात गप्प.

२०२५ च्या ऑक्टोबरमध्ये आमच्या डोंबिवलीच्या घरात हेच झालं. १४ तारखेला विंडोज टेनचा सपोर्ट संपणार होता. बाबा बँकेतून रिटायर झालेत, त्यामुळे 'मुदत संपणार' हे शब्द ते हलक्यात घेत नाहीत. कॅलेंडरवर त्यांनी ती तारीख गोल करून ठेवली होती. भाऊबीजेला माझा चुलतभाऊ आला, त्यानं मशीनवर विंडोज इलेव्हन चढवून दिलं आणि ओवाळणी म्हणून (मला नव्हे, बाबांना!) २४ इंची कोरा मॉनिटर. सगळे खूश. भाऊ गेला. दुसऱ्या दिवशी आवाज गेला.

दुसऱ्या कुणाच्या घरी हे झालं असतं तर मी 'बघू शनिवारी' म्हटलं असतं. पण बाबांचा डेस्कटॉप हा कॉम्प्युटर नाही, तो त्यांचा गाण्याचा ठेवा आहे. रिटायर झाल्यावर दोन वर्षं खपून त्यांनी घरातल्या नाट्यसंगीताच्या सगळ्या कॅसेट्स त्यात उतरवल्या. टेपरेकॉर्डरमधून वायर काढायची, कॉम्प्युटरच्या मागच्या निळ्या भोकात खुपसायची आणि कॅसेट संपेपर्यंत शेजारी बसून राहायचं. बालगंधर्व, मास्टर दीनानाथ, छोटा गंधर्व, वसंतराव. प्रत्येक फाइलला नाव, राग, साल. संध्याकाळी सहा ते साडेसात ही ती ऐकायची वेळ, आणि त्या वेळात आमच्या घरात सीरियल लावायची कुणाची टाप नाही.

कोपऱ्यावरच्या दुकानातला मुलगा येऊन निदान करून गेला होता. "काका, साउंड गेलंय. मदरबोर्डच बदलायला लागेल." बिल साडेसहा हजार! आता एक गोष्ट लक्षात ठेवा. बोर्डावरची आवाजाची चिप खरंच मेली, तरी काही शंभर रुपयांत यूएसबीमध्ये खोचायचं चिमुकलं साउंड कार्ड मिळतं. त्यात स्पीकरची पिन घातली की काम झालं. नुसत्या आवाजासाठी बोर्ड बदला म्हणणारा एकतर घाईत असतो, नाहीतर हुशार असतो.

मग शनिवारी सकाळी फोनवर आमचं ऑपरेशन सुरू झालं. इथे माझा फंडा एकच. साखळी मधोमध तोडायची. लोक आधी ड्रायव्हर उडवतात, मग 'फॉरमॅट मार' म्हणतात. अरे, आधी स्पीकर तरी जिवंत आहे का ते बघा! मी बाबांना स्पीकरची पिन काढून त्यांच्या मोबाइलमध्ये घालायला सांगितली. (त्यांचा फोन जुना, त्यामुळे त्याला अजून ते गोल भोक आहे.) मोबाइलवर गाणं लावलं, स्पीकर वाजला. म्हणजे स्पीकर, त्याची वायर, त्याची पॉवर, अर्धी वरात निर्दोष सुटली. दोन मिनिटांत.

मग मागची भोकं. आई टॉर्च धरून, बाबा गुडघ्यांवर. हिरव्यात स्पीकर, गुलाबीत माइक, निळ्यात बाहेरून येणारा आवाज. मायक्रोसॉफ्ट आणि इंटेलनं 'पीसी ९९' नावाची गाइडलाइन काढली, तेव्हापासून हे रंग रूढ झाले, म्हणून आजही फोनवरून 'हिरव्यात घाला' म्हणता येतं. पिन हिरव्यातच होती. उजवीकडे खाली स्पीकरच्या चिन्हावर राइट क्लिक करून व्हॉल्यूम मिक्सर उघडला, तिथेही कुणी म्यूट नव्हतं. मग म्हटलं, आता मुळावर जाऊ. विंडोजचं बटण आणि आर दाबा, आणि टाइप करा, एमएमएसवायएस डॉट सीपीएल.

"एम."
"एन?"
"एम, बाबा. मुंबईचा एम."
"हं. पुढे?"
"परत एम. मग एस."
"एफ?"
"एस! साताऱ्याचा एस!"
"फलटणचा?"
"बाबा, सातारा!"
"अगं, फलटण साताऱ्यातच आहे."

आम्ही दोघं हसलो. फोनवर एस आणि एफची गल्लत कुणाचीही होते. टेलिफोनच्या जुन्या लाइनीतून साधारण ३४०० हर्ट्झच्या वरचा आवाज जातच नाही, आणि एसची सगळी शिट्टी त्याच्या वर. त्यामुळे आम्ही पुढे गेलो.

जी खिडकी उघडली, ती तुम्हीही एकदा उघडून बघाच. त्यात तुमच्या मशीनला दिसणारी आवाजाची सगळी ठिकाणं एकाखाली एक असतात, आणि जिथे आवाज जातोय त्याच्यासमोर एक हिरवी पट्टी नाचत असते. बाबांनी गाणं लावलं. पट्टी नाचायला लागली. कुणासमोर? नव्या मॉनिटरच्या नावासमोर!

म्हणजे लोच्या हा होता. जुना मॉनिटर निळ्या, स्क्रूवाल्या व्हीजीए वायरीवर होता. ती वायर फक्त चित्र नेते. नवा मॉनिटर एचडीएमआयवर, आणि एचडीएमआय चित्राबरोबर आवाजही नेते. विंडोजला वाटलं, वा, नवा स्पीकर आला! त्यानं इमानदारीत सगळं नाट्यसंगीत तिकडे पाठवायला सुरुवात केली. आणि त्या मॉनिटरला स्पीकरच नाहीत, नुसतं इअरफोनचं भोक. आवाज गेला नव्हता, चुकीच्या दारात उभा होता. 'स्पीकर्स, रियलटेक' वर राइट क्लिक, सेट अ‍ॅज डिफॉल्ट. मॉनिटरच्या नावावर राइट क्लिक, डिसेबल, म्हणजे परत तिकडे पळणार नाही. ब्लूटूथ इअरबड्सचंही हेच होतं बरं का. डबीतून बाहेर राहिले की बेडरूममधल्या ड्रॉवरमध्ये बसून तुमचा सगळा आवाज ते गिळतात. विंडोज इलेव्हनमध्ये विंडोज, कंट्रोल आणि व्ही एकदम दाबलंत तर आवाज कुठे जातोय त्याची यादी थेट समोर येते. ऑफिसच्या मीटिंगआधी जाम कामाला येतं.

"आला आवाज?" मी विचारलं.
"आला." मग थोडं थांबून, "पण पूर्वीसारखा नाही."
"म्हणजे कसा?"
"डग्गा येतोय. तबल्याची चाट नाही. तंबोऱ्याची जवारी तर गायबच. कांबळं पांघरून गातायत असं वाटतंय."
"व्हॉल्यूम किती आहे?"
"शंभर."

डावं-उजवं बॅलन्स बघितला. ऑडिओ एनहान्समेंट्स बंद केल्या, कारण कधीकधी त्या शहाणपणा करून आवाजाचा चिवडा करतात. फरक शून्य. मी आता ड्रायव्हर काढून टाकायला सांगणार, तेवढ्यात स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला. "अहो, हळू करा ना ते! खालपर्यंत ऐकू जातंय!" बाबा काहीच बोलले नाहीत. मला वाटतं, त्यांना ते ऐकूच आलं नसावं.

पुढच्या शनिवारी मी डोंबिवलीला गेले. तीच फाइल, तेच स्पीकर. तबल्याची चाट खणखणीत. जवारीही होती. मग मी नेटवरचं टोन जनरेटर लावलं. त्यातून एका ठरावीक पट्टीची शिट्टी निघते आणि ती वरवर नेता येते. १००० हर्ट्झला बाबा म्हणाले, येतंय. २००० ला म्हणाले, येतंय पण बारीक. ४००० लावल्यावर ते माझ्याकडे बघत राहिले. "लाव की," म्हणाले. आई कानात बोटं घालून उभी होती.

बाबा हुशार आहेत. त्यांनी आधी आईकडे बघितलं, मग स्पीकरकडे. मग उठून बाल्कनीत गेले.

आवाजाच्या साखळीत स्पीकर शेवटचा नसतो, पुढे कान असतो. वय वाढतं तसं कानाच्या आतल्या शंखातल्या बारीक केसांसारख्या पेशी झिजतात, आणि आधी झिजतात त्या उंच पट्टीच्या. त्या परत उगवत नाहीत. यात माणसाला ऐकू येतं, पण कळत नाही. स्वर खालच्या पट्टीत असतात, ते येतात. स, श, फ, थ यांसारखी व्यंजनं वरच्या पट्टीत, ती गळतात. 'सात' आणि 'हात' सारखेच. म्हणून 'तुम्ही लोक तोंडातल्या तोंडात बोलता' ही तक्रार. म्हणून फोन उचलला की दोन वाक्यांत 'घे, आईशी बोल'. संध्याकाळी स्टेशनजवळच्या कट्ट्यावर जाणंही त्यांनी सोडलं होतं. सोसायटीत सगळे म्हणायचे, काका रिटायरमेंटनंतर शांत झालेत. काका शांत झाले नव्हते, त्यांना चौघांतले दोघं ऐकू येत नव्हते. लॅन्सेट कमिशनच्या २०२४ च्या अहवालात डिमेन्शियाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत ऐकू कमी येणंही आहे, हे वाचल्यावर माझी झोपच उडाली.

समजवायला तीन आठवडे लागले. चाळिशीला चष्मा लागतो तेव्हा लोक फ्रेम सिलेक्ट करायला मित्रांना घेऊन जातात. कानाचं मशीन म्हटलं की 'मी काय म्हातारा झालोय?' तेही एकाहत्तराव्या वर्षी! शेवटी आईनं एकच वाक्य टाकलं. "वसंतराव अर्धेच ऐकायचे असतील तर राहू दे." दुसऱ्या दिवशी आम्ही ईएनटी डॉक्टरांकडे. कधीकधी कानात नुसता मळ असतो, म्हणून आधी डॉक्टर आणि मगच ऑडिओलॉजिस्ट, हा क्रम महत्त्वाचा. (मुंबईकरांसाठी, वांद्र्याला अली यावर जंग ही १९८३ पासूनची सरकारी संस्था याच कामाची आहे.) बाबांच्या कानात मळ नव्हता. काचेच्या खोलीत बसून, हेडफोन लावून, बीप आला की बटण दाबायचं. २५० ते ८००० हर्ट्झ. कागदावर आलेख उतरला, डावीकडे बरा आणि उजवीकडे घाटातल्या रस्त्यासारखा खाली. दोन्ही कानांचा. ४००० ला ६० डेसिबल. बाबांनी तो कागद बँकेचं स्टेटमेंट वाचावं तसा वाचला आणि विचारलं, "यात चाट कुठे येते?" ऑडिओलॉजिस्ट मुलीनं न हसता पेन ठेवून दाखवलं. मला ती तेव्हाच आवडली.

मशीन म्हणजे सरसकट मोठा आवाज नव्हे. ज्या पट्ट्या गळल्यात तेवढ्याच उचलून द्यायच्या, इक्वलायझरसारख्या. महागडं प्रकरण आहे, आणि पहिले काही दिवस अगदी वैताग. पेपर चुरगळला तरी दचकायला होतं. मेंदूला त्या आवाजांची पुन्हा सवय व्हावी लागते. बाबांनी चौथ्या दिवशी ते काढून डबीत ठेवलं. पाचव्या दिवशी परत घातलं. का ते त्यांनी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. कॉम्प्युटरचा व्हॉल्यूम आता चाळिसावर असतो.

परवा ऑफिसात असताना त्यांचा फोन आला. 'आईला देतो' नाही, स्वतः बोलायला.

"अगं, कॉम्प्युटर बिघडलाय."
"काय झालं? आवाज गेला?"
"आवाज येतोय! सतत घरघर. डब्यातून."

मागून आई म्हणाली, "तो पाच वर्षं येतोय!"

सीपीयूचा पंखा. धुळीनं भरला की घरघरतो. मी सांगितलं, मशीन बंद करा, मागची वायर काढा, बाजूची पत्र्याची झडप उघडा, पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा आणि ब्रशनं धूळ झाडा.

"ब्रश कुठला? दात घासायचा?"
"नाही, रंगाचा! सुका!" मी सवयीनं ओरडले. अख्खा बे वळून बघायला लागला.
"रंगाचा, सुका. बरं," बाबा म्हणाले. "ओरडतेस कशाला?"