आधी तेल, मग चिंच

सासूबाईंच्या माळ्यावर पितळी भांड्यांचं एक पोतं बरीच वर्षं पडून होतं. गणपतीच्या आधी ते खाली काढलं. त्यात समई, निरांजनं, दोन-तीन तांबे, मोठं पातेलं आणि घंगाळ निघालं. सगळं काळपट. समईच्या खाचांत तर हिरवं साठलेलं.

तांब्यांनी काही त्रास दिला नाही. चिंचेचा कोळ, चिमूटभर मीठ आणि नारळाची शेंडी. चोळलं, धुतलं, पिवळेधमक. मग तोच प्रयोग समईवर केला, तर ती हटेना. लिंबू झालं, बाजारची पावडर झाली. हात दुखून आले आणि खरं सांगते, ती परत पोत्यात घालायचा विचार पक्का झाला होता.

शेजारच्या काकू डोकावल्या. समईवर पाणी ओतून म्हणाल्या, "पाणी बघ कसं थेंब थेंब होऊन पळतंय. अगं, हे काळं पितळेचं नाही, तेलाचं आहे." बरोबर होतं. वर्षानुवर्षं ओघळलेलं तेल काजळीसकट वाळून त्याचं वार्निश झालं होतं. खाली चिंच पोचणार कुठून?

काकूंनी सांगितलं तसं मोठ्या पातेल्यात पाणी उकळून त्यात धुण्याचा सोडा टाकला. खायचा नव्हे. त्यात समई बुडवून ठेवली. तासाभरात थर मऊ पडला आणि घट्ट बसलेले आटेही फडक्यात धरून पिळल्यावर सुटले. वरच्या मोराच्या पिसाऱ्यातली घाण खराट्याच्या काडीने आणि जुन्या टूथब्रशने काढली. तारेची घासणी काकूंनी हातातून काढूनच घेतली, चरे पडतात म्हणून. सोड्याचं पाणी हाताला झोंबतं, हातमोजे घाला. त्यानंतर चिंच लावली आणि मोराचा डोळा दिसायला लागला. तिथे डोळा आहे हे सासूबाईंनाही आठवत नव्हतं.

हेच पुढे भेट आलेल्या नव्या दिव्याच्या बाबतीत झालं. चकचकीत होता, पण चकाकीच्या आतून काळे ठिपके. अशा शोभेच्या वस्तूंवर लॅकरचा पारदर्शक थर असतो. तो एका कोपऱ्यात फाटला की दमट हवा आत शिरते. कापसावर नेलपॉलिश रिमूव्हर घेऊन, खिडक्या उघड्या ठेवून आणि गॅस बंद करून तो थर पुसून काढला. आता दिवा उजळतो, पण वरचेवर घासावा लागतो.

निरांजनं रात्रभर चिंचेत भिजत घाला, असंही एकीने सुचवलं होतं. तसं करू नका. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आंबटात फार वेळ राहिलं की जस्त निघून जातं आणि तांबूस डाग पडतात. मी पाच मिनिटांच्या वर ठेवत नाही.

पातेलं आतून घासलंच नाही. त्याची कल्हई उडाली होती, तशात आंबट शिजवलं की कळकणार. भांड्यांच्या दुकानदाराने कल्हईवाला गाठून दिला. त्याने पातेलं भट्टीवर तापवलं, नवसागर टाकला, पांढरा धूर उठला. कथलाची कांडी टेकवून कापसाने एक हात फिरवला आणि आतली बाजू चांदीसारखी झाली. ते रिकामं गॅसवर ठेवू नका, हे त्याने बजावून सांगितलं. कथील २३२ अंशांलाच वितळतं.

एक राहिलं. आमच्याकडे बोअरिंगचं पाणी आहे, भांडी निथळत ठेवली की ठिपके उठतात. म्हणून लगेच कोरड्या फडक्याने पुसून थोडा वेळ उन्हात ठेवते. समईचं तेल रोज सकाळी कागदाने टिपते.

घंगाळ मात्र दिवाळीवर ढकललंय.