कवेलूच्या छपरावरची छत्री

चंद्रपूर आणि गडचिरोली या जंगलजिल्ह्यांत दूरचित्रवाणीला घरात येण्याची वाट छपरावरून मिळाली. आधी आला शहराकडे तोंड करून बांधलेला ॲल्युमिनियमच्या दांड्यांचा अँटेना. पुढे त्याच छपरावर आकाशाकडे पाहणारी छत्री बसली. इतरत्र या दोन साधनांमधला फरक वाहिन्यांच्या संख्येत मोजला जातो, इथे तो दिशेचा आहे. अँटेना आणि शहर यांच्यामध्ये जंगल उभे होते. छत्री आणि उपग्रह यांच्यामध्ये ते सहसा येत नाही. आज आजी-आजोबा झालेल्या पिढीचे टीव्ही पाहणे या एका गोष्टीने बदलले.

मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ रोजी दूरदर्शन सुरू झाले, पण विदर्भाच्या पूर्व टोकाला त्यानंतरही बरीच वाट पाहावी लागली. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला. वर्षभराने, ऑगस्ट १९८३ च्या अखेरीस, इन्सॅट-१बी उपग्रह अवकाशात गेला आणि त्याच्या आधाराने १९८४ मध्ये देशभर लघुशक्ती प्रक्षेपक भराभर उभे राहिले. उपग्रहावरून आलेला कार्यक्रम उतरवून घ्यायचा आणि १०० वॅटच्या प्रक्षेपकाने आसपास पसरवायचा, अशी ही रचना होती. तिचा आवाका जेमतेम २०-२५ किलोमीटरांचा. गडचिरोलीहून भामरागड पावणेदोनशे किलोमीटरांच्या आसपास आणि सिरोंचा दोनशेच्या पुढे आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे किती गावे या वर्तुळाबाहेर राहिली असतील याची कल्पना येते.

छपरावरच्या या अँटेनाचा आराखडा शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी या जपानी संशोधकांनी १९२६ मध्ये मांडलेला. मागे एक लांब दांडी, मध्ये वळवून बंद केलेली मुख्य दांडी आणि पुढे आखूड होत जाणाऱ्या दांड्या. हा सांगाडा प्रक्षेपकाकडे रोखून आडवा बांधावा लागतो. लहरी जवळजवळ सरळ रेषेत येतात. मध्ये डोंगर आला की त्याच्या पलीकडे सावली पडते, आणि दाट ओली पाने लहरींचा जोर कमी करतात. डोंगररांगा आणि सागाचे रान असलेल्या मुलखात हे दोन्ही अडथळे एकत्र येत. म्हणून पाइपाला पाइप जोडून उंची वाढवायची, नाहीतर रानातला लांब बांबू उभा करायचा आणि खाली बूस्टर लावायचा, एवढेच उपाय हाती होते.

अँटेना बसवणे हे घरच्यांनीच, अदमासाने करायचे काम होते. एक जण कवेलू फुटणार नाहीत अशा बेताने छपरावर, एक टीव्हीपुढे, आणि दोघांचा आवाज पोहोचत नसेल तर एक अंगणात. ‘आलं काय?’, ‘आलं… गेलं! थोडं मागे घे!’ असा संवाद पडद्यावरच्या मुंग्या निवळेपर्यंत चाले. वारा सुटला की पुन्हा तेच. २५ जानेवारी १९८७ पासून दर रविवारी ‘रामायण’ लागू लागले, तेव्हा गावातल्या एकुलत्या संचापुढे सारे अंगण भरे आणि वीज नसेल तर ट्रॅक्टरची बॅटरी जोडली जाई. त्या काळच्या प्रेक्षकांना हलत्या, अंधुक चित्राबद्दल तक्रार नव्हती. चित्र आपल्या हातांनी आणले याचे त्यांना समाधान होते, आणि ते रास्त होते.

नव्वदच्या दशकात केबल आली, पण ती वस्तीला धरून राहिली. चंद्रपूर, बल्लारपूर, वरोरा, ब्रह्मपुरी, देसाईगंज अशा दाट घरांच्या गावी केबलवाल्याचा खर्च निघे. चाळीस घरांच्या टोल्यापर्यंत जंगलातून तार ओढणे कोणालाच परवडणारे नव्हते.

कोंडी फुटली ती घरगुती छत्रीने. २००३ मध्ये डिश टीव्ही, डिसेंबर २००४ मध्ये प्रसार भारतीची डीडी डायरेक्ट प्लस आणि २००६ मध्ये टाटा स्काय सुरू झाली. डीडी डायरेक्ट प्लस म्हणजेच आजची डीडी फ्री डिश. तिला मासिक वर्गणी नाही. छत्री, तिच्यासमोर बसून लहरी पकडणारा एलएनबी, सेट टॉप बॉक्स आणि तार बाजारातून एकदा आणली की पुढे रिचार्ज नाही. धानाच्या हंगामावर ज्यांचा पैसा येतो, त्यांच्या दृष्टीने हा गुण सगळ्यांत मोठा ठरला.

छत्री जंगलाला कशी ओलांडते, हे तिच्या कोनात आहे. फ्री डिशचा जीसॅट-१५ उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. गडचिरोलीहून तो आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे ६२ अंश वर येतो. इतक्या चढ्या नजरेला दूरचे झाड आड येत नाही. छत्रीपेक्षा १५ मीटर उंच साग अडथळा ठरतो तो आग्नेयेला आणि साधारण आठ मीटरांच्या आत असेल तरच. घरगुती छत्रीचा एलएनबी मध्यावर नसून खालच्या बाजूला असतो. त्यामुळे ती समोरच्या झाडांकडेच पाहते आहे असे वाटते. प्रत्यक्षात तिची नजर त्याहून बरीच वर असते. हे ठाऊक नसल्याने अंगणातले मोहाचे झाड तोडायला निघालेल्या माणसाला थांबवणे, हेही चांगल्या कारागिराचे काम आहे.

बसवण्यातली खरी अडचण भिंतीची असते. साठ सेंटिमीटरच्या छत्रीचा झोत जेमतेम तीन अंश रुंद. ती दीड अंश वळली तरी मिळणारा संकेत निम्म्यावर येतो, आणि दीड अंश म्हणजे तिच्या कडेला सुमारे दीड सेंटिमीटरचा फरक. पक्क्या भिंतीत बोल्ट धरतो, मातीच्या किंवा कुडाच्या भिंतीत तो पावसाळ्यात सैल होतो. म्हणून जंगलगावात लोखंडी पाइप जमिनीत पुरून भोवती सिमेंट ओतणे हाच भरवशाचा मार्ग. पाइप ओळंब्यात असला पाहिजे, नाहीतर पुढचे सगळे कोन चुकतात. तार घरात शिरण्यापूर्वी खाली वळसा देऊन आणावी, म्हणजे पाणी तिच्यावरून आत न येता वळशाशीच गळते. जोडणीवर रबरी आवरण हवे. गंजलेला जोड हे ‘नो सिग्नल’चे नेहमीचे कारण आहे.

मग येतो पाऊस. गडचिरोली हा विदर्भातल्या सर्वाधिक पावसाच्या जिल्ह्यांपैकी एक. छत्रीला मिळणाऱ्या लहरींची लांबी तीन सेंटिमीटरांहूनही कमी असल्याने मुसळधार सरीत त्या शोषल्या आणि विखुरल्या जातात, चित्राचे चौकोन होतात आणि पडदा निळा पडतो. सर ओसरली की चित्र आपोआप परत येते. इथे अँटेनाच्या काळातली सवय नडते. चित्र गेले की वर चढून फिरवायचे, हे त्या पिढीच्या हातात बसलेले. पण छत्री हलवली की पाऊस थांबल्यावरही चित्र येत नाही, आणि साध्या प्रतीक्षेचे काम कारागिराच्या फेरीवर जाते. विजा कडाडत असताना मात्र बॉक्सची तार काढून ठेवणे हिताचे. दरवर्षी मार्चमध्ये आणि ऑक्टोबरच्या आरंभी काही दिवस सूर्य नेमका उपग्रहाच्या मागे येतो, तेव्हाही दुपारपूर्वी काही मिनिटे चित्र जाते. त्या क्षणी छत्रीवर पूर्ण ऊन असेल, तर तिची आकाशाची वाट मोकळी आहे याची ती फुकटची खात्री.

ग्राहकाची परीक्षा बिघाडानंतर सुरू होते. मदत क्रमांक लावायचा तर मोबाइलला रेंज असलेल्या टेकडीवर जावे लागते; तिथून बोलताना टीव्हीपुढचे बटण दाबता येत नाही. तालुक्याहून येणारा कारागीर बसभाड्यासह पैसे मागतो, आणि त्याचाही दिवस मोडलेला असतो. भामरागडजवळ पर्लकोटा नदीचा पूर पुलावरून गेला की तोही येऊ शकत नाही. वर्गणीच्या सेवांत १ फेब्रुवारी २०१९ पासून वाहिन्या निवडून घेण्याची पद्धत आली. तत्त्व ग्राहकाच्या बाजूचे होते, पण कागदावरची यादी न वाचता येणाऱ्याला दुकानदार देईल तो संच घ्यावा लागला. फ्री डिशच्या घरांनाही फटका बसला: १ मार्च २०१९ रोजी काही लोकप्रिय हिंदी मनोरंजन वाहिन्या तिच्यावरून निघून गेल्या. फुकट मिळणाऱ्या गोष्टीवर घराचा हक्क किती कच्चा असतो, हे तेव्हा कळले.

तरीही छत्रीने दिलेले मोठे आहे. उपग्रहाला राज्याची सीमा नसते. सिरोंचा आणि अहेरी भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या घरांना, मुलचेरा-चामोर्शीकडच्या बंगाली वसाहतींना आपल्या भाषेतली वाहिनी त्याच छत्रीतून मिळाली. २०२० मध्ये शाळा बंद असताना सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही पाठांची मालिका सुरू झाली. मोबाइलची रेंज नसलेल्या घरात अभ्यास येण्याची ती एक वाट होती. टीव्ही आला म्हणून इथली, झाडीपट्टीची रंगभूमीही विझली नाही. दिवाळीनंतरच्या रात्रभर चालणाऱ्या नाटकांना गर्दी होतेच, आणि २०२३ मध्ये त्या रंगभूमीचे कलावंत परशुराम खुणे यांना मिळालेल्या पद्मश्रीने त्या परंपरेचा देशपातळीवर सन्मान झाला. मात्र छत्रीतून येणाऱ्या भाषांमध्ये गोंडी आणि माडिया यांची स्वतःची वाहिनी नाही. ज्या जंगलाला ओलांडून हे चित्र येते, त्या जंगलाची बोली त्यात ऐकू येऊ नये, ही या सगळ्या व्यवस्थेतली सर्वात मोठी उणीव आहे.

दूरदर्शनने आपले बहुतेक जुने जमिनीवरचे प्रक्षेपक आता बंद केले आहेत, तेव्हा आडव्या अँटेनाचा काळ संपला. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या प्रसारण योजनेत दुर्गम, आदिवासी आणि नक्षलप्रभावित भागांसाठी ८ लाखांहून अधिक फ्री डिश संच मोफत देण्याची तरतूद आहे. संच देणे हे अर्धेच काम. आकाशातून येणारा संकेत भामरागडला आणि नागपूरला सारखाच मिळतो. कारागीर, सुटे भाग आणि वीज मात्र अजून रस्त्यानेच येतात. दर आठवडी बाजाराच्या गावी एक प्रशिक्षित तरुण, त्याच्याकडे एलएनबी, जोड आणि तार यांचा साठा, आणि पाइप पक्का रोवून छत्री बसवण्याची शिस्त, एवढे झाले तर छपरावरची छत्री वर्षानुवर्षे चालेल आणि जंगलगावातल्या घराला शहराइतकेच स्पष्ट चित्र मिळेल.